कुलूपबदलाच्या ठरावाला विरोध

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेबरोबर एका ठरावाचा मसुदा लागला आहे. इमारत जुनी झाली, दारांची कुलपं जुनी झाली, आजूबाजूला घरफोड्या वाढल्या. सबब सर्व सभासदांनी मुख्य दाराची कुलपं काढून डिजिटल कुलपं बसवावीत, एकगठ्ठा खरेदीवर सवलत मिळेल, जुनी कुलपं दुरुस्त करून वापरू नयेत आणि फाटकाबाहेर बसणाऱ्या चावीवाल्याला यापुढे आवारात घेऊ नये, असा त्याचा गोषवारा. मसुदा करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की दारातलं नेमकं काय मोडतं हे त्यांनी कधी जवळ जाऊन पाहिलंय का. हाच विचार हल्ली पुण्यामुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांत, घरसजावटीच्या पुरवण्यांत आणि हार्डवेअरच्या दुकानांत ऐकू येतो, म्हणून फलकाशेजारी चिठ्ठी डकवून माझं भागणार नाही.

आधी घरफोडी घेऊ, कारण भीती तिथूनच आली आहे. मराठी वर्तमानपत्रातली घरफोडीची बातमी काढून बघा. बंद घराचा कडीकोयंडा उचकटून चोरटे आत शिरले, असंच ती बहुतेक वेळा सांगते. म्हणजे गेला तो कोयंडा. कुलूप कित्येकदा उखडलेल्या कोयंड्याला तसंच बंद लटकत असतं आणि मालकाने चावी लावली तर गुमान उघडतंही. कोयंडा जातो, कारण तो अर्ध्या-पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर उभा असतो आणि ते स्क्रू दाराच्या वरवरच्या थरातच रुतलेले असतात. ज्यांच्याकडे बाहेरून कडी नाही, लॅच आहे, त्यांच्याकडे हेच चौकटीत घडतं. लॅचची जीभ चौकटीवरच्या ज्या पट्टीत शिरते, ती पट्टी बिल्डरच्या सुताराने दोन आखूड स्क्रूंवर आणि चौकटीच्या अगदी कडेला बसवलेली असते. पहार घालून हिसका दिला की लाकडाची चिरफळी पट्टीसकट बाहेर येते. अशा चौकटीच्या दाराला तीनशे रुपयांचं कुलूप असलं काय आणि तीस हजारांचं असलं काय, चोराची मेहनत तेवढीच.

घरफोडीच्या भीतीने पैसे काढायचेच असतील तर ते चौकटीवर घाला. पत्र्याची पट्टी काढून जाड पोलादी पट्टी बसवा, तिला तीन इंची स्क्रू मारा, म्हणजे ते चौकटीत खोलवर धरतील. कोयंडा असेल तर स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घाला आणि नट आतल्या बाजूला येऊ द्या. बिजागऱ्यांचे स्क्रू बदलून लांबीचे टाका. हे सुताराचं फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. मसुद्यात चौकटीचा साधा उल्लेखसुद्धा नाही.

‘जुनी कुलपं काय, कुणीही तारेने उघडतो,’ असं समितीतल्या एका गृहस्थांनी मला जिन्यात ऐकवलं. ही समजूत सिनेमातून आलेली आहे. कुलूप चावीशिवाय उघडता येतं यात नवल नाही. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते चारचौघांत सिद्ध केलं. चब यांचं, तेव्हा अभेद्य म्हणून गाजलेलं कुलूप त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडलं. मग तो ब्रामा यांच्या कुलपाकडे वळला. ते पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत २०० गिनींच्या पैजेसह वर्षानुवर्षं मांडून ठेवलेलं होतं. हॉब्जने तेही उघडलं, पण त्यासाठी सोळा दिवसांत मिळून पन्नासएक तास आणि खास घडवलेली हत्यारं खर्ची पडली. इंग्लंडात हलकल्लोळ झाला. मात्र तिथल्या घरफोड्यांनी काही पहार टाकून हॉब्जची शिकवणी लावली नाही. घरफोड्याला घाई असते. समोरचे जोशी दुपारी डुलकी काढतात तेवढाच वेळ त्याच्या हाताशी असतो, आणि तेवढ्यात कोयंडाच निघतो.

जुनं म्हणजे निकामी, हे तर मला मुळीच मान्य नाही. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला, त्या परंपरेतली पितळी, सहा-सात लीव्हरची कुलपं अजून कित्येक घरांत तीस-चाळीस वर्षं चालू आहेत. दिंडिगुलच्या कुलपांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीही हातघडणीची. अशा कुलपात झिजण्यासारखं फारसं काही नसतं: पितळी पात्या, त्यांच्या बारीक स्प्रिंगा, एक बोल्ट. स्प्रिंग तुटली तर बदलता येते, पाती झिजली तर बदलता येते, फक्त कुलूप उघडून आत हात घालता आला पाहिजे. आता बाजारात मिळणारी बरीच स्वस्त कुलपं रिबिटं ठोकून कायमची बंद केलेली असतात. ती दुरुस्त होत नाहीत, कारण ती होऊ नयेत अशीच बनवलेली असतात. या मालाकडे बोट दाखवून ‘कुलूप दुरुस्त करण्यात अर्थ नाही’ म्हणायचं आणि त्याच तडाख्यात पितळी कुलूपही भंगारात काढायचं, हा न्याय मला कळत नाही.

समितीचा दुसरा मुद्दा असा की, इमारतीतल्या निम्म्या दारांची कुलपं अडकतात. हे खरं आहे. आमचंही अडकतं. पण कधी अडकतं ते बघा. जूनच्या पहिल्या दोन पावसांनंतर तक्रारी सुरू होतात आणि दिवाळीच्या सुमाराला आपोआप मिटतात. कुलूप ऋतू बघून आजारी पडत नाही. दार पडतं.

लाकूड ओल पितं आणि रुंदीत फुगतं. त्यातच दार वर्षानुवर्षं वरच्या बिजागरीवर लोंबत आलेलं असतं; तिचे स्क्रू सैल होतात आणि कुलपाकडची कड एखाद-दोन मिलिमीटर खाली येते. मग बोल्ट चौकटीतल्या पट्टीच्या भोकात सरळ न जाता भोकाच्या खालच्या काठावर आपटतो. आपण चावीला जोर लावतो, पाय लावून दार उचलतो, दार ओढून धरतो, आणि एक दिवस चावी भोकातच मोडते. मग म्हणायचं, कुलूप खराब झालं. खरं-खोटं करायला एक मिनिट पुरतं. दार सताड उघडा, दार उघडं असतानाच चावी फिरवा. बोल्ट लोण्यासारखा आत-बाहेर झाला तर कुलपाचा काही गुन्हा नाही. आता बॅटरी घेऊन चौकटीतली पट्टी बघा. भोकाच्या ज्या काठावर बोल्ट घासतो, तिथे रंग उडून पितळ किंवा पोलाद चकाकत असतं. तो चकाकता भाग अर्धगोल कानशीने केसभर उतरवायचा आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळायचे. स्क्रू नुसतेच फिरत असतील तर भोकात आगकाडी किंवा बांबूची काडी गोंद लावून ठोकायची आणि पुन्हा आवळायचे. एवढं केल्यावर आमच्या दाराचं पाय लावून उचलणं बंद झालं. आता समजा, समितीच्या ठरावाप्रमाणे याच दाराला डिजिटल कुलूप बसवलं. बोल्ट त्याच काठावर आपटणार. फरक एवढाच की आपला हात जोर लावायचा, तिथे आता बिचारी छोटीशी मोटर लावणार, आणि ती हरली की कुलूप पिपाणी वाजवणार.

दुसरा घोटाळा तेलाचा. अडकलेल्या कुलपात घरोघरी जे हाताशी असेल ते ओतलं जातं, आणि आपल्याकडे हाताशी असतं खोबरेल. पहिले दोन दिवस कुलूप मऊ चालतं. मग त्या तेलात धूळ बसते, चावीबरोबर खिशातला कचरा आत जातो, लगदा होतो. शिवाय खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं. डिसेंबरातल्या पुण्यातल्या पहाटे ते बाटलीत गोठलेलं दिसतं. कुलपात दिसत नाही, एवढंच. लॅचच्या कुलपातल्या पिना आपल्या भोकांत वर-खाली खेळायला हव्यात, त्या त्यात चिकटून बसतात. कुलपाला कोरडं वंगण लागतं, म्हणजे ग्रॅफाइटची पूड. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. न मिळाल्यास शिसपेन्सिलीचं टोक चावीच्या दात्यांवर गिरवायचं आणि चावी आत-बाहेर करायची. पेन्सिल कुठल्याही घरात असते.

आता ज्या गोष्टीला मसुद्यात एक ओळही मिळालेली नाही तिच्याकडे येतो, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. तुमच्या दाराच्या चाव्या सध्या कुणाकुणाकडे आहेत? भाड्याच्या घराचाच विचार करा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार संपतो, भाडेकरू दोन चाव्या परत देतो, मालक त्या दोनच चाव्या पुढच्या भाडेकरूच्या हातात ठेवतो. मधल्या काळात त्या भाडेकरूने स्वतःसाठी, मित्रासाठी, स्वयंपाकाच्या मावशींसाठी किती चाव्या करून घेतल्या, हे कुणीच विचारत नाही. एजंटाकडे एक असतेच. रंगकाम चाललं होतं तेव्हा एक वॉचमनकडे दिली होती, ती परत आली का? पाच-सहा भाडेकरू होऊन गेलेल्या घराच्या चाव्या निम्म्या शहरात पांगलेल्या असतात, आणि तरीही आम्ही चर्चा करतो ती कुलूप किती लीव्हरचं आहे याची. अशी चावी ज्याच्या हातात आहे त्याला पहार लागत नाही आणि पंचनाम्यात उचकटलेला कोयंडाही सापडत नाही.

यावर उपाय आहे, फक्त तो कुलूप बदलण्याचा नाही. कुलूप जागेवर राहू द्यायचं आणि त्याची चावी बदलायची, म्हणजे जुनी चावी लागू नये आणि नवी लागावी असं आतलं गणित फिरवायचं. लीव्हरच्या कुलपात पात्यांची जागा उलटसुलट केली की जुन्या चावीचे दाते चुकीच्या पात्यांना भिडतात; नव्या क्रमाप्रमाणे कानशीने नवी चावी घासायची. पिनांच्या कुलपात, म्हणजे लिनस येल यांनी १८६१च्या सुमाराला ज्याचं पेटंट घेतलं त्या जातीच्या, आजच्या बहुतेक लॅचमध्ये असणाऱ्या सिलिंडरात, पाच-सहा भोकांत लहानमोठ्या उंचीच्या पिना असतात. पिना अदलाबदल केल्या की जुनी चावी संपली. दारात युरो पद्धतीचं सिलिंडर असेल तर एवढीही खटपट नको. दाराच्या पातळ कडेवर, सिलिंडरच्या उंचीला, एक लांब स्क्रू दिसेल. तो काढा, चावी घालून किंचित तिरकी करा म्हणजे आतली जीभ सिलिंडरच्या अंगात लपते, आणि सिलिंडर चावीसकट दारातून सरळ बाहेर ओढा. लांबी मोजून तसंच दुसरं आणा. दहा मिनिटं लागतात; पैसे सिलिंडरच्या दर्जाप्रमाणे पाचशे ते दीड-दोन हजार. फक्त ते दाराच्या पट्टीबाहेर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये, कारण डोकावणारं सिलिंडर पकडीत धरून मधोमध मोडता येतं. घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येक सभासदाने नव्या करारासोबत एवढं करावं, असा ठराव असता तर मी पहिल्या रांगेत बसून हात वर केला असता.

डिजिटल कुलपांवर माझा राग नाही. मोलकरणीला ठरावीक वेळेपुरता आकडा देता येतो, मुलं शाळेतून आली की फोनवर कळतं, चावी विसरण्याची भानगड नाही. ज्यांना परवडतं आणि हवं आहे त्यांनी खुशाल लावावं. पण सक्तीच करायची तर तिच्या बाजूने जे सांगितलं जातंय ते तपासू. ही कुलपं पेन्सिल सेलवर चालतात. सेल संपत आले की ती वाजतात, महिनाभर परदेशी गेलेल्याला ते वाजणं ऐकू येत नाही. त्यासाठी बाहेरच्या बाजूला चौकोनी सेल टेकवून तात्पुरती वीज द्यायची सोय असते, आणि बहुतेक कुलपांत झाकणाखाली अडीअडचणीला एक चावीचं भोकही असतं. त्या भोकात काय असतं? तेच पिनांचं सिलिंडर, आणि किंमत कमी ठेवायची म्हणून अनेकदा साधंसं. म्हणजे ज्या जुन्या कुलपाची भीती घालून आपल्याला दहा-पंधरा हजारांचं यंत्र विकलं गेलं, ते जुनं कुलूप त्या यंत्राच्या पोटात बसलेलंच आहे.

बोटाच्या ठशाने दार उघडण्याचंही तेच. रेशनच्या दुकानात आधारच्या यंत्रावर म्हाताऱ्यांची आणि कष्टकऱ्यांची बोटं उमटत नाहीत, हे महाराष्ट्राने गेली काही वर्षं पाहिलेलं आहे. भांडी घासून, सिमेंट कालवून, वयाने, रेषा पुसट होतात. आमच्या इमारतीत सत्तरी ओलांडलेले किती आहेत हे समितीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना भर पावसात ओल्या बोटाने चार वेळा दार नाकारणार आणि पाचव्या वेळी ते काही काळ बंदच पडणार. आकडा टाका म्हणाल, तर तो त्यांनी कागदावर लिहून बूटस्टँडच्या आत चिकटवलेला असेल.

आता चावीवाला. मसुद्यातलं हे कलम मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि त्यामागची भीती खोटी नाही हेही कबूल करतो. कपाटाची चावी करायला बोलावलेल्या माणसाने दागिने लांबवले, अशा बातम्या येतात. पण त्या नीट वाचल्या तर प्रकार जवळजवळ एकच असतो: दारोदार ओरडत फिरणारा अनोळखी माणूस, तेही कपाटाच्या लॉकरसाठी, चावी गरम करायला किंवा तेल आणायला घरातल्या बाईला आत पाठवणं, आणि जाताना ‘चावी आत अडकली आहे, उद्या येऊन काढतो, तोवर हात लावू नका’ असं बजावणं. यात ज्याची टपरी गेली कित्येक वर्षं फाटकासमोर आहे, ज्याला दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे ओळखतात, तो माणूस कुठे बसतो? ओळखीच्याला हाकललंत, तर रात्री अकराला चावी मोडल्यावर फोन करून जो येईल तो अनोळखीच असेल. शिवाय त्याचे दर रात्री अकराचे असतील.

आणि हा माणूस काय करतो ते कुणी कधी शेजारी उभं राहून पाहिलं आहे का? चावी हरवली, दुसरी नाही. तो लॅचच्या भोकात कोरी पितळी पट्टी सरकवतो, पकडीने धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे दाबतो, बाहेर काढून उन्हात तिरकी धरतो. कडेवर एखादा पुसट ठिपका उमटलेला असतो, आपल्याला सांगितल्याशिवाय दिसत नाही. त्या ठिपक्यावर कानशीचे दोन हात. पुन्हा आत, पुन्हा दाबणं, पुन्हा ऊन. अडणाऱ्या पिना पितळेवर आपली खूण करतात आणि जी पिन आपल्या उंचीला आली ती खूण करायची थांबते. सगळ्या गप्प झाल्या की दार उघडतं. दाराला ओरखडा नाही, कुलूप शाबूत, आणि वर हातात नवी चावी. याच प्रसंगात ‘कुलूप बदला’ म्हणणारा दुकानाचा माणूस ड्रिल लावून सिलिंडर फोडतो. नव्या कुलपाची बॉडी जुन्या खाचेत बसत नाही म्हणून दार पुन्हा कोरतो, आणि उरलेल्या भोकावर शोभेची पट्टी मारतो.

चावीवाल्याकडून काम करून घेण्याची रीत मात्र पाळावी. कपाटाचं कुलूप असेल तर कपाट त्याला दाखवायचंच नाही. स्क्रू काढून कुलूप सुटं करून टपरीवर न्यायचं. चावीची प्रत करायची तर मूळ चावी द्यायची, कारण झिजलेल्या प्रतीची प्रत काढली की झीजही तिच्यात उतरते आणि कुलूप अडकण्याचं आणखी एक कारण तयार होतं. आणि चावी घासून होईपर्यंत शेजारच्या बाकावर बसायचं.

एक गोष्ट राहिली. चोराच्या भीतीने आपण जे करून ठेवतो त्यात माणसं आत अडकतात. दाराबाहेर सेफ्टी डोअर, खिडक्यांना पेटीसारख्या जाळ्या, त्या जाळीला आतून कुलूप आणि त्याची चावी कुठल्याशा डब्यात. लॅच लागला आणि मूल एकटं आत राहिलं, असे फोन अग्निशमन दलाला नेहमीच जातात. समितीने सुरक्षेचा आढावा घ्यायचाच तर कुठल्या घरात आतून बाहेर पडायला चावी लागते, एवढं आधी मोजावं. रात्री धूर कोंडल्यावर ती चावी शोधायला कुणाला सवड मिळणार नाही.

कुलूप बदलावंच लागतं असे प्रसंग आहेत. बोल्ट झिजून दारातच डगडगत असेल, आतली बीडाची पेटी तडकली असेल, सुटे भाग मिळत नसतील, तर बदला. त्याआधी दार उघडं ठेवून चावी फिरवून बघण्याचं तेवढं करा.

ठरावाला माझा विरोध आहे, आणि नियमाप्रमाणे उपसूचना लेखी देतो आहे. दिवाळीआधी एका रविवारी सोसायटीच्या खर्चाने सुतार आणि फाटकावरचा चावीवाला, दोघांना बोलवावं; प्रत्येक मुख्य दाराची चौकट, पट्टी, बिजागऱ्या आणि कुलूप तपासून आखूड स्क्रूंच्या जागी लांब स्क्रू घालावेत. भाड्याने दिलेल्या सदनिकांच्या चाव्या नव्या करारावेळी बदलणं मालकावर बंधनकारक करावं. जाळ्यांच्या चाव्या जाळीजवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खुंटीला टांगल्या आहेत का, हे पाहावं. चावीवाल्याच्या ओळखपत्राची प्रत कार्यालयात ठेवावी आणि त्याला नोंदवहीत सही करून आत येऊ द्यावं. एकगठ्ठा खरेदीचं कलम वगळावं. सूचक म्हणून माझं नाव लिहावं. अनुमोदक हवा आहे.